क्रमांक त्रेसष्ट, स्थळ जमले

मखमलाबादच्या देवराम मौल्यांनी लग्न का केलं नाही, हे गावातल्या कुठल्याही बाईला विचारा. ती आधी पदर सावरेल, मग आवाज खाली आणेल आणि सांगेल, "निफाडची होती गं. हळद लागायला चार दिवस राहिले होते. विहिरीवर गेली आन् पाय सटकला. तवापासून त्यांनी दुसऱ्या पोरीकडं मान वर करून पाहिलं नाय." इथे एक सुस्कारा. मग, "अजून पाकिटात फोटो हाये तिचा."

सुस्कारा नेमका तिथेच येतो. वत्सलाबाई टाकतात, गोजराबाई टाकतात, आणि तेव्हा जन्मलेलीसुद्धा नसलेली गोजराबाईंची सूनही टाकते. काही घरांत पोरगी विहिरीत पडते, काही घरांत तिला साप चावतो. एका घरात ती काविळीने जाते, पण त्या घरात सगळेच काविळीने जातात.

दुरुस्ती अशी की निफाडची कोणी पोरगी नव्हती. निफाडचा होता तो झुंबर गाजरे. तो विहिरीत पडला नाही आणि त्याला साप चावला नाही. आज तो अठ्ठावन्न वर्षांचा आहे, त्याची चार एकर द्राक्षबाग आहे, त्याला शुगर आहे आणि जिना चढताना त्याचे गुडघे दुखतात. पाकिटात फोटो आहे, एवढं मात्र खरं. पासपोर्ट साइझचा, कृष्णधवल, जाड मिशीचा.

देवराम मौल्यांना जिल्ह्यात हजारेक माणसं मामा म्हणतात. सख्खे भाचे पाचच. बाकीचे सगळे समाजाच्या वधू-वर मेळाव्यातले. समाज म्हणजे कोणता, हे सांगायची गरज नसते. बोलणाऱ्याचा जो असेल तो. मामा एरवी दीड एकरात गुलाब आणि गलांडा लावतात, पहाटे फुलबाजारात क्रेट उतरवतात, दुपारी झोपतात. पण दर जानेवारीत एका रविवारी ते इस्त्रीचा पांढरा शर्ट घालून लॉन्सवर माइकसमोर उभे राहायचे आणि पोरापोरींचे नंबर वाचायचे.

वाचायचे म्हणजे कसे? "क्रमांक. एकशे. सात." प्रत्येक शब्दानंतर पूर्णविराम. 'चिरंजीव' म्हणताना 'चि'वर जोर. 'निर्व्यसनी' हा शब्द इतक्या विश्वासाने, की मागच्या रांगेत तंबाखू मळणारा नवरामुलगासुद्धा अंगठा थांबवायचा. काळ्या पोराला मामा 'निमगोरा' म्हणायचे आणि सावळ्याला 'गोरा'. खरोखरच गोरा कोणी निघाला तर तो शब्द इतका पटकन उरकायचे, जणू त्याने काहीतरी गैर केलंय. आणि शेवटी, "अपेक्षा." इथे एक मोठा श्वास. "अनुरूप." फॉर्मवर त्या रकान्यात काय लिहावं हे ज्यांना कळत नाही ते सगळे 'अनुरूप' लिहितात, म्हणजे सगळेच लिहितात. पण मामा ते असं म्हणायचे की वाटावं, या पोराने वर्षभर विचार केलाय.

हा आवाज काढायला सोपा आहे. हनुवटी वर करायची आणि नाकातली हवा अडवून ठेवायची. मामांच्या बहिणीची नात तो घरात, शाळेत, रिक्षात कुठेही काढते, आणि हे लिहितेय ती तीच. तेव्हा कोण काय आणि कसं बोललं, याची काळजी वाचणाऱ्याने करू नये.

झुंबर कॉलेजला निफाडहून नाशकात आला आणि त्याने पंचवटीत खोली घेतली. मखमलाबाद तिथून सायकलने वीस मिनिटांवर, तरी देवरामलाही अभ्यासाला खोली लागली. घरच्यांना कौतुक वाटलं, पोरगा अभ्यासू आहे. दोघेही बी.कॉम.च्या दुसऱ्या वर्षाला दोनदा बसले. कॉलेज संपलं, झुंबर बागेत गेला, पण दर बुधवारी औषधाच्या फवारणीचं काहीतरी आणायला त्याला नाशकात यावंच लागायचं. निफाडला ते औषध मिळत होतं. जे होतं त्याला दोघांनी नाव दिलं नाही. मामा म्हणतात, "नाव माहीत असतं तर दिलं असतं. जे शब्द माहीत होते त्या सगळ्या शिव्या होत्या." कायद्यात एक कलम होतं, तेवढं ऐकून होते. जन्मठेपेपर्यंत शिक्षा होती, म्हणून कोणाला अर्थ विचारायचीही सोय नव्हती.

त्र्याण्णवच्या दिवाळीत झुंबरच्या बापाने मेळाव्याचा फॉर्म आणला. देवरामचं अक्षर चांगलं, म्हणून फॉर्म भरायला तोच बसला. उंची लिहिली, शेती लिहिली, मामेकुळ लिहिलं.

"लग्न तर करायलाच लागतं, देवा," झुंबर म्हणाला. "तुझंबी लागंल. मंग बघू."

"अपेक्षा काय लिहू?"

"तूच लिही."

त्याने 'अनुरूप' लिहिलं. फॉर्मसोबत फोटो दोन लागायचे, झुंबरने तीन काढून आणले होते. उरलेला एक देवरामकडे राहिला.

चौऱ्याण्णवच्या जानेवारीत मेळाव्याच्या दिवशी ज्या गुरुजींनी नंबर वाचायचे त्यांचा घसा बसला. कोणीतरी म्हणालं, मौल्यांचा देवराम गणपतीत अनाउन्समेंट करतो, त्याला चढवा. देवराम चढला. सव्वीस वर्षांचा होता. सत्तावीस नंबरला झुंबर स्टेजवर आला, हात मागे बांधून उभा राहिला, आणि देवरामने त्याची उंची, शेती, मामेकुळ वाचलं. "आवाज हलला का?" असं विचारलं तर मामा म्हणतात, "नाय. उलट सगळ्यात चांगला तिथंच लागला." पुढे मुलींची यादी सुरू झाली. एकशे बारा नंबरला सिन्नरकडची सुवर्णा होती. गृहकृत्यदक्ष, विणकाम, अपेक्षा अनुरूप. तिसऱ्या महिन्यात लग्न झालं. देवराम पंगतीत वरण वाढत होता.

बुधवार दोन वर्षं चालले. मग झुंबरला मुलगा झाला, अश्विन. बुधवारांचा महिन्यातून एक झाला, मग सणावारी एक. मग घरोघरी फोन आले, आणि यायचं कारणच उरलं नाही.

देवराम मात्र दर वर्षी माइकवर राहिला, आणि असं करत करत मामा झाला. "आपल्याला नाय तर नाय, बाकीच्यांचं जमू दे," असं तो सांगायचा. चिडलेले असले की मामा खरं कारण सांगतात. "माइकच्या मागं उभं राहिलं ना, की तुझं कधी, असं कोणी विचारत नाय. निफाडच्या पोरीचं कोणीतरी काढलं, मी म्हटलं असू दे. मेलेली पोरगी बरी. तिला भेटायला कोणी जात नाय." म्हणजे ती विहीर खोदली गावाने, पण तीस वर्षं तिचं पाणी मामाही प्यायले.

आणि दर वर्षी यादीत मामांसारखे दोन-तीन असायचेच. मामांना ते स्टेजच्या पायरीवरच कळायचे. बाकीची पोरं लाजायची, ही घाबरायची. मामांनी त्यांचीही उंची वाचली, पगार वाचला, 'अनुरूप' म्हटलं. चार-पाच वर्षांनी एखादी बाई बाजारात फुलांच्या क्रेटपाशी येऊन उभी राहायची. "ओळखलं का मामा? तुम्हीच जमवलेलं." मामा एवढंच विचारायचे, कसं चाललंय. ती म्हणायची, "चाललंय." मामा तिला गुलाबाची एक जुडी जास्त द्यायचे.

दोन हजार अठराच्या सप्टेंबरात पेपरात पहिल्या पानावर आलं की ते कलम गेलं, आता तो गुन्हा नाही. गणपती तोंडावर होते, शेतात पाय ठेवायला फुरसत नव्हती. मामांनी बांधावर बसून बातमी दोनदा वाचली, दुसऱ्यांदा मोठ्याने, नंबर वाचायच्या आवाजात. मग निफाडला फोन लावला.

"पेपर वाचला का रे?"

"वाचला ना. टोमॅटो पडलाय."

"दुसरं काय वाचलं?"

"दुसरं काय हाय?"

"काय नाय. तू आता गुन्हेगार राहिला नाय, एवढंच सांगायचं होतं."

"मी कधी होतो?" झुंबर म्हणाला. आणि गुलाबाला हल्ली कोणतं खत टाकतोस, असं विचारलं.

पुढे तेवीस साली दसऱ्याच्या आधी कोर्टाने सांगितलं, अशा दोघांना लग्नाचा हक्क आम्ही देऊ शकत नाही, ते सरकारने आणि संसदेने बघावं. मामा झेंडू तोडत होते. म्हणाले, "बरं झालं. नायतर ती यादीबी मलाच वाचायला लागली असती."

गेल्या वर्षीच्या, म्हणजे पंचविसातल्या मेळाव्याला महिना राहिला होता तेव्हा झुंबर स्वतः मखमलाबादला आला. गाडीतून उतरायला त्याला वेळ लागला. हातात फॉर्म होता, त्याच्यावर अश्विनचा रंगीत फोटो. वय अठ्ठावीस, सिन्नरच्या एमआयडीसीत क्वालिटीला, पगार छत्तीस हजार. असा पोरगा आता मेळाव्यात सोन्याच्या भावाने जातो. पोरं पाचशे येतात, पोरी नव्वद, आणि नव्वदच्या नव्वद जणींना शेतकरी नको असतो.

झुंबर बाजेवर बसला. मामांनी फॉर्म वाचला आणि खाली ठेवला.

"पोरगा काय म्हणतो?"

"म्हणतो, लग्न करायचं नाय."

"का?"

झुंबर गलांड्याच्या वाफ्याकडे बघत राहिला. "तुला काय सांगू. तू बघशील त्याला, तर तुला कळंल."

"मंग तुला म्हाईत हाय तर फॉर्म कशाला आणला?"

"म्हाईत हाय म्हणूनच आणला. मलापण त्या वयात असंच वाटत होतं. झालं का नाय नीट? दोन पोरं झाली, बंगला झाला, बाग झाली. एक डाव गाडी रस्त्याला लागली की चालती, देवा. नांदगावचे पाहुणे तयार हायेत. पोरीचं नाव पायल, बी.फार्म. तू स्टेजवर त्याचा नंबर वाचला की चार लोकांसमोर तिथंच सुपारी फोडायची. लोकांसमोर झालं की पोरगं माघारी जात नाय. मी गेलो का?"

"सुवर्णाचं काय झालं?"

"तिला काय कमी हाय?"

मामांना आणखी एका माणसाचं विचारायचं होतं. त्यांनी विचारलं नाही, चहा ठेवला.

"तू माझं वाचलं," झुंबर जाताना म्हणाला, "याचंबी वाच."

पुस्तिका छापून आली. अश्विन झुंबर गाजरे, क्रमांक त्रेसष्ट. मेळाव्याच्या आधीच्या रविवारी अश्विन मोटारसायकलवरून आला. बापाची मिशी सोडली तर सगळा बाप. ओट्यावर उभ्या उभ्याच म्हणाला, "मामा, त्रेसष्ट नंबर गाळा."

"छापलेला नंबर गाळता येत नाय. वाचायलाच लागतो. फक्त मधल्या काळात ज्याचं जमलं, त्याचं 'स्थळ जमले' म्हणायचं आणि पुढं जायचं."

"मग तसं म्हणा."

"कोणाशी जमलं म्हणू?"

"माझं जमलंच आहे. सिन्नरला. समर्थ नाव आहे त्याचं. चार वर्षं झाली, एकाच खोलीत राहतो." तो हसला, पण हसू टिकलं नाही. "पप्पांनी नांदगावच्यांना शब्द दिलाय. त्या मुलीला यातलं काहीच माहीत नाही. मी स्टेजवर नाही म्हणालो तर पप्पा विष घेतो म्हणतात. आणि ते घेतील, मामा, बागेच्या औषधाचं कपाट त्यांच्याच खोलीत आहे. तुम्ही वाचलं नाही तर सुपारीची वेळच येणार नाही."

"यादीत जे हाय ते मी वाचतो. माझं काम तेवढंच हाय."

"पप्पांचं वाचलंत तसं," अश्विन म्हणाला. मामांनी वर बघितलं. "मम्मीने सांगितलंय. तिला पहिल्यापासून ठाऊक आहे. बुधवारचा डबा तीच भरायची."

तो गेला. मामा त्या दिवशी दुपारी झोपले नाहीत. तो डबा मामांनी दोन वर्षं खाल्ला होता. मेथीची भाजी फार चांगली असायची.

मेळाव्याच्या दिवशी सकाळी लॉन्सच्या दारात नावनोंदणीचं टेबल होतं, तिथे सुवर्णाबाई मामांना गाठायला थांबल्या होत्या. नवी साडी, केसांत गजरा, नवऱ्यामुलाची आई दिसावी तशा.

"भाऊजी, एक मिनिट."

मामा थांबले.

"तुम्ही माझा नंबर वाचला होता. एकशे बारा. गृहकृत्यदक्ष म्हणालात, तेव्हा मी लाजले होते. तुम्हाला तेव्हा सगळं ठाऊक होतं ना?"

"होतं."

"मग?"

मामा म्हणाले, "फॉर्मवर अनुरूप लिहिलं होतं."

"अक्षर तुमचंच होतं," सुवर्णाबाई म्हणाल्या. त्यांनी गजऱ्यातलं सुटलेलं फूल आत खोचलं. "मारलं नाही हो मला कधी त्यांनी. दारू नाही, काही नाही. लोक म्हणतात देवमाणूस. माझ्याकडे कधी रागानेसुद्धा बघितलं नाही, म्हणजे बघितलंच नाही. त्या नांदगावच्या पोरीला मी मघाशी पाणी दिलं, काकू काकू करत होती. तिचं वाचू नका. एक मी पुरे."

समाजाचे अध्यक्ष खंडेराव यांनी प्रास्ताविक केलं. खंडेरावांचं प्रत्येक वाक्य 'या ठिकाणी'ने सुरू होतं आणि त्याच ठिकाणी संपतं. "या ठिकाणी मी एवढंच सांगू इच्छितो की या ठिकाणी मुलींच्या अपेक्षा वाढलेल्या आहेत या ठिकाणी." मग माइक मामांकडे आला. एकसष्ट झाला, बासष्ट झाला. अश्विन पायरीशी येऊन उभा होता, भाड्याच्या ब्लेझरमध्ये. झुंबर पहिल्या रांगेत, सुपारीची पिशवी मांडीवर. नवव्या रांगेत नांदगावकर.

"क्रमांक. त्रेसष्ट."

जो श्वास 'अपेक्षा'नंतर घ्यायचा तो मामांनी इथेच घेतला.

"चिरंजीव अश्विन झुंबर गाजरे. स्थळ जमले. अभिनंदन."

आणि इथे सगळी माणसं सवयीने वागली. जमलं म्हटलं की टाळ्या वाजवायच्या, म्हणून आठशे लोकांनी वाजवल्या. जमलं म्हटलं की अध्यक्षांनी दोन्हीकडच्यांना नारळ द्यायचा, म्हणून खंडेरावांनी नारळ उचलले. जमलं म्हटलं की मुलाच्या बापाला धरून वर आणायचं, म्हणून दोन कार्यकर्त्यांनी झुंबरला दंडाला धरून उचललं. झुंबर "अहो पण" म्हणेपर्यंत नारळ त्याच्या हातात होता आणि फोटोवाला "काका, इकडं बघा" म्हणत होता.

"मुलीकडची मंडळी या ठिकाणी यावीत," खंडेराव म्हणाले.

हे मामांच्या लक्षात आलं नव्हतं. तीस वर्षं ज्यांनी हा रिवाज चालवला, तेच विसरले की जमलं म्हटल्यावर दुसरी बाजू बोलावतात. नवव्या रांगेत नांदगावकर उठले. त्यांना वाटलं, झुंबररावांनी परस्पर पक्कं केलं, आपल्याला निरोप द्यायचा राहिला. ते टोपी नीट करत निघाले, मागून त्यांची बायको, तिच्या मागे एक आत्या पायलचा हात धरून. पायल म्हणत होती, "पप्पा, थांबा ना, मला कोणी विचारलंच नाही." आत्या म्हणत होती, "चल गं, लोक बघतायत." खंडेरावांनी दुसरा नारळ पुढे केला.

झुंबरला उमगलं. त्याचा चेहरा मोकळा झाला. जे सुपारी फोडून व्हायचं होतं ते आपोआप होत होतं, तेही देवाच्या तोंडून.

"नांदगावकर, थांबा," मामा माइकवर म्हणाले. "तुमची नाही."

नांदगावकर पायरीवर थबकले. त्यांनी रास्त तेच विचारलं. "मग कोणाची?"

"कोणाचीच नाही. मुलाला हे लग्न करायचं नाही. तो मला येऊन सांगून गेलाय. मी ऐकून घेतलं नव्हतं."

खंडेरावांनी माइकवर हात ठेवला. "मामा, या ठिकाणी चेष्टा नको."

"वाच, देवा," झुंबर हळू म्हणाला. हातातला नारळ त्याने छातीशी धरला होता. "छापलंय ते वाच."

माइकने तेही सगळ्यांना ऐकवलं. मामांनी खंडेरावांचा हात बाजूला केला. आवाज तोच, नंबर वाचायचा, प्रत्येक शब्दानंतर पूर्णविराम.

"मागं एकदा वाचलं मी. तुम्ही सगळे म्हणता, मामाची निफाडची पोरगी विहिरीत पडली म्हणून मामाने लग्न केलं नाही. कोणी पडलं नाही. मला पोरगी नकोच होती. मला माणूस पाहिजे होता. तो होता. त्याचा नंबर मी याच माइकवर वाचला आणि एका बाईचं आयुष्य घालवलं. त्याच्यानंतर किती जणींचं घालवलं, मला माहीत नाही. हिचं मी वाचणार नाही."

नाव त्यांनी घेतलं नाही. पण स्टेजवर निफाडचा माणूस एकच होता, नारळ घेऊन.

कोणाच्या तरी मोबाइलवर आरती वाजली आणि वाजतच राहिली, कारण ज्याचा होता त्याला खिशात हात घालायची लाज वाटत होती. अश्विन पायरीवरून उतरला, ब्लेझर काढला, आईशेजारी जाऊन बसला. सुवर्णाबाईंनी ब्लेझरची घडी घातली.

मग खंडेरावांनी माइक ओढून घेतला. "या ठिकाणी भोजनाची व्यवस्था मागील बाजूस केलेली आहे."

सकाळचे अकरा वाजले होते. त्रेसष्टच नंबर झाले होते, पाचशेवर बाकी होते. जेवण शिजलंही नव्हतं. तरी सगळे उठले आणि रिकाम्या टेबलांसमोर ताटं घेऊन रांगेत उभे राहिले.

झुंबरने विष घेतलं नाही. तो दुसऱ्या दिवशी बागेत गेला. अश्विन सिन्नरला गेला तो पुन्हा निफाडच्या घरात पाऊल न टाकायचं ठरवून, म्हणजे बापाने तसं ठरवून. पायलच्या बापाने सगळ्यांना शिव्या दिल्या आणि पोरीला पुढे शिकायला पाठवलं. त्याला वाटतं ही त्याची हार आहे.

मामांवर समाजाने कारवाई वगैरे केली नाही. समाज तसं करत नाही. मार्चमध्ये त्यांचा सत्कार केला. शाल, श्रीफळ आणि मानपत्र. खंडेराव म्हणाले, "या ठिकाणी मामांची तब्येत पाहता त्यांना या ठिकाणी विश्रांतीची गरज आहे." मामांना माइक दिला नाही. शाल पातळ होती.

आणि गावात काय झालं? गावाने ऐकलं, दोन आठवडे जिभेवर घोळवलं आणि मग बरं करून घेतलं. वत्सलाबाई आता असं सांगतात, "शेवटी डोक्यावर परिणाम झालाच बिचाऱ्याच्या. तिचं दुःख आतल्या आत राहिलं ना. आता तर म्हणतो, ती नव्हतीच." सुस्कारा त्याच जागी. मामा एकदा त्यांच्या ओट्यासमोर थांबले आणि म्हणाले, "वत्सलाबाई, मी आठशे लोकांत बोललो." त्या म्हणाल्या, "हो ना भाऊ. जिवाला जपा." मामा घरी येऊन म्हणाले, "मारलं असतं तर बरं वाटलं असतं. निदान ऐकलं असं झालं असतं."

सत्काराच्या संध्याकाळी हे लिहिणारीने पैज लावली. ती म्हणाली, पुढच्या मेळाव्याच्या आत झुंबर एकदा तरी येणार. भांडायला येईल, शिव्या द्यायला येईल, पण येणार. तीस वर्षांचं असं कोणी टाकत नाही. मामा म्हणाले, येणार नाही. हरणाऱ्याने मिसळ द्यायची ठरलं.

"आणि आला तर?" तिने विचारलं.

"आला तर अख्ख्या गावाला देतो. वत्सलाबाईंना आधी."

सुवर्णाबाई उन्हाळ्यात येऊन गेल्या, पेटीभर द्राक्षं घेऊन, आणि दिवाळीत पुन्हा. नवऱ्याचा निरोप नव्हता. अश्विन येतो, एकदा समर्थला घेऊन आला. समर्थ फार बोलत नाही, पण त्याने मामांचा पंप दुरुस्त केला. बुधवारी रस्त्यावर एखादी निफाडकडची गाडी थांबली की मामा मान वर करत नाहीत. हे लिहिणारी करते. वर्षभर तिनेच केली.

या जानेवारीत मेळावा झाला. नंबर वाचायला कोणीतरी नवीन पोरगा होता, त्याने 'निर्व्यसनी' अडखळत म्हटलं असं ऐकलं. त्याच दुपारी हे लिहिणारीने मिसळ आणली, तर्री वेगळी, पापड वेगळा. मामांनी ओट्यावर बसून सगळी खाल्ली. रस्सा तिखट होता, नाक पुसलं, डोळे पुसले, वाटी पावाने निपटून काढली.

"जिंकलात," ती म्हणाली.

"हो," मामा म्हणाले, आणि हात धुवायला उठले.